जर्सी बॉईज बघून आलो आणि आमचा मोडलेला ऑर्केस्ट्रा आठवला

नेरूरपार

मंडळी, मुलगी लंडनला असते, २०२२ च्या जूनमध्ये आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे होतो तेव्हा तिने जर्सी बॉईज नावाच्या नाटकाची तिकिटं काढली होती. लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. आज पाऊस धरलाय, लाईट जाऊन येऊन आहेत, म्हटलं आता लिहूनच टाकतो. लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत न्यू जर्सीकडे इटालियन घरांतल्या चार पोरांचा फोर सीझन्स नावाचा ग्रुप होता. फ्रँकी व्हॅली, टॉमी डेव्हिटो, निक मॅसी आणि बॉब गॉडिओ. १९६२ ला त्यांचं शेरी गाणं आलं आणि अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, त्यानंतर रांगच लागली. या चौघांच्या आयुष्यावरचं हे म्युझिकल, म्हणजे गाण्यांचं नाटक. २००४ ला कॅलिफोर्नियात ला होया प्लेहाऊसला पहिल्यांदा झालं, २००५ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी, म्हणजे तिथल्या नाटकांचं मोठं बक्षीस, आणि २०१७ च्या जानेवारीत थांबलं तोवर तिथे ४,६४२ प्रयोग झालेले. आम्ही बघितलं ते लंडनच्या ट्रफाल्गर थिएटरला. थिएटर तसं लहान आहे, आम्ही वरच्या बाल्कनीत होतो तरी गायकाच्या गळ्याची शीर दिसत होती.

सुरुवात एकदम फ्रेंच रॅपने होते. मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच नाटकाला बसलो. मग टॉमी येऊन सांगतो की हे आमचंच गाणं, २००० साली पॅरिसमध्ये कुणीतरी नव्याने गायलंय, पण गोष्ट सुरू झाली ती आमच्या गल्लीत. आणि तिथून जे धरतं ते शेवटपर्यंत सोडत नाही.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे गोष्ट एक माणूस सांगत नाही. ग्रुपच्या नावाप्रमाणे नाटकाचे चार ऋतू केलेत, स्प्रिंग टॉमी सांगतो, समर बॉब, फॉल निक आणि विंटर फ्रँकी. टॉमीचं ऐकताना वाटतं हा नसता तर ग्रुप झालाच नसता, पोरं गोळा करणारा, पैसे उभे करणारा, मारामारीला पुढे होणारा हाच. मग बॉब बोलायला लागतो आणि कळतं की गाणी याची, पंधराव्या वर्षी याचं एक गाणं आधीच गाजलेलं होतं, आणि शेरी तर म्हणे यानं पंधरा मिनिटांत लिहिलं. तेवढ्यात टॉमी आपल्या डोळ्यांसमोर छोटा होतो, आणि तरी थोड्या वेळापूर्वी त्याच्याबद्दल जे वाटलं होतं तेही खोटं वाटत नाही.

निकचं तर विचारू नका. हा जाड आवाजवाला, बेस गिटार वाजवणारा, कुणाचा आवाज कुठे लागला पाहिजे ते बसवून देणारा. अख्खा पहिला अंक हा माणूस जवळजवळ गप्प आहे. दुसऱ्या अंकात टॉमीचं कर्ज बाहेर येतं, सावकाराचा माणूस समोर बसलाय, कर थकलेला, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत आणि निक अचानक सुटतो, कशावरून, तर टॉवेलवरून. इतकी वर्षं टॉमीबरोबर हॉटेलच्या एकाच खोलीत राहतोय आणि हा माणूस सगळे टॉवेल वापरून टाकतो. लोक खो खो हसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने हात धरला, तिला कळलं.

कारण मी आमच्या ऑर्केस्ट्रात काँगो वाजवायचो. १९८६ ते १९९३. आम्ही पाच जण, बेंजो, ढोलक, काँगो, एक गायक, आणि एक जण सगळा व्यवहार बघायचा, टेम्पो त्याच्याच घरचा. पूजा, देवळाचे वर्धापनदिन, शिमगो, कुठेकुठे गेलो त्याला गणती नाही. गायक आमचा असा होता की वरच्या पट्टीत गेला की मांडवाबाहेर चण्याच्या गाडीवर उभी असलेली माणसं आत यायची. मोडलो ते अॅम्पलीवरून, म्हणजे अॅम्प्लिफायरवरून. पतपेढीचं कर्ज काढून नवीन अॅम्पली घेतलेला, तो पिंगुळीला एका पूजेत व्होल्टेज वाढून जळाला, आणि पुढच्याच आठवड्यात आमचा गायक जास्त पैशासाठी दुसऱ्या पार्टीबरोबर गायला गेला. हप्ते कुणी भरायचे यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्या रात्री एक शब्द बोललो नाही. सात वर्षं सगळ्यांची केबल गुंडाळून टेम्पोत मीच ठेवायचो, ते मनात होतं आणि तोंडातून निघालं नाही. निकने टॉवेल काढले तेव्हा मला माझी केबल आठवली.

मग ते बेबीवालं प्रसिद्ध गाणं, १९६७ चं, कॅन्ट टेक माय आईज ऑफ यू. ते मला गोव्याच्या लग्नांमुळे माहीत होतं, आमच्या वेळी म्हापशाकडचे बँडवाले हमखास वाजवायचे. नाचायचं गाणं म्हणूनच डोक्यात बसलेलं. नाटकात ते येतं तेव्हा ग्रुप मोडलाय, टॉमीचं कर्ज फ्रँकी आणि बॉबने स्वतःच्या अंगावर घेतलंय, फ्रँकी ते फेडायला गावोगाव गातोय, त्याचं घर मोडलंय, आणि हे गाणं कुणी वाजवायला तयार नाही. तो हळू आवाजात सुरू करतो. मग ट्रंपेट येतात. सगळं थिएटर उभं. इतक्या वेळा ऐकलेलं गाणं मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

तुमच्यापैकी कुणी बघितलंय का? आणि तुमच्याकडच्या मंडळांचं, पार्ट्यांचं काय झालं तेही लिहा.

देवगडची पोर

काका, काय लिहिलंय! टॉवेलचं वाचून अंगावर काटा आला. मी नाही बघितलं, पण मम्मा मिया बघितलंय, तेही असंच का? म्हणजे त्यात आब्बा या स्वीडिश ग्रुपच्या चौघांची गोष्ट असेल म्हणून मी गेले होते आणि निघालं वेगळंच.

नेरूरपार

नाही गो बाय, ते वेगळं. तिथे गाणी आब्बाची पण गोष्ट ग्रीसच्या बेटावरच्या आई-मुलीची, मुलीचं लग्न ठरलंय आणि बाप तिघांतला कोण ते शोधायचं. आब्बा त्यात कुठेच नाहीत. जर्सी बॉईजमध्ये गाणी त्यांची, माणसंही तीच, आणि गाणं स्टेजवर, स्टुडिओत किंवा रस्त्यावर ते खरोखर गात असतात तेव्हाच येतं. संवाद चालू असताना मध्येच कुणी उठून गायला लागलाय असं फारसं होत नाही. माझ्यासारख्याला म्हणूनच जड गेलं नाही.

पखवाजी

काकानू, बरां लिवलास. माका आमची बारी आठावली. मी डबलबारीत, म्हंजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पखवाज वाजवतंय गेली बावीस वर्सां. लोकांका बुवा म्हायत असता, बॅनरार बुवाचो फोटो असता, मागे पखवाजवाल्याचा नाव बारीक अक्षरात. पण कोरसवाल्यांका कोण विचारता? रातभर बुवाची वळ उचलूची, आवाज बसलो तरी उचलूची, सुरवातीच्या रूपावलीपासून शेवटच्या गजरापर्यंत. आमचो एक कोरसवालो होतो, पेटीच्या पांढरी पाच पट्टीचो गळो त्याचो. बुवाचो सूर खाली येवक लागलो काय तो असो काय वर धरी की समोरच्यांका पत्तोच लागा नाय. तो गेलो तेव्हा आमच्या बुवान चार म्हयने बारी घेतलीच नाय. तो कोरसवालो त्या निकासारखोच. हेच्यार कोणीतरी नाटक लिवक व्हया.

जहाजी

मी बघितलंय! पण थिएटरात नाही, बोटीवर. मी क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या किचनमध्ये होतो, आमच्या बोटीवर जर्सी बॉईज लागायचं. ड्युटीमुळे पूर्ण शो एकाच वेळी कधी मिळाला नाही, पहिला अर्धा एका आठवड्यात आणि दुसरा अर्धा पुढच्या ट्रिपला असा जोडून जोडून बघितला. पण मी तुम्हाला दुसरी बाजू सांगतो, फ्रँकीचं काम करणारा पोरगा आमच्याच मेसमध्ये जेवायला यायचा आणि शोच्या दिवशी दुपारपर्यंत तो बोलायचाच नाही. हाताने खुणा करायचा, अंडं हवं, टोस्ट नको. गरम पाण्याचा थर्मास कायम काखेत. पहिल्यांदा मला वाटलं शिष्ट आहे. मग एकदा दरवाजातून रिहर्सल ऐकली, तो खोटा आवाज, फॉल्सेटो म्हणतात ना तो, एवढ्या वरचा आणि एवढा टोकदार, आणि तसा एका रात्रीत वीस-पंचवीस गाण्यांत लावायचा. तेव्हा कळलं. नंतर मी त्याच्यासाठी आल्याचा तुकडा ठेचून वेगळा ठेवायला लागलो. बोट सोडताना त्याने मला मिठी मारली.

आणि काका, ते पाणी-लाटांचं पण बघा, बोट हलत असताना ते चौघं एका लायनीत, एका पायावर गिरकी घेऊन पुन्हा एका लायनीत. मी रत्नागिरीचा, आमच्याकडे जाखडी नाचात पोरं गोल धरतात तसं. एकाचा पाय चुकला की सगळं दिसतं.

नेरूरपार

जहाजीभाऊ, थर्मासचं वाचून फार बरं वाटलं. ब्रॉडवेवर आणि लंडनला आठवड्याला आठ प्रयोग असायचे, त्यामुळे फ्रँकीच्या कामाला दुसरा नट ठेवायचे आणि ठरावीक प्रयोग तो करायचा. एका गळ्याला ते झेपणारंच नाही.

चिपळूणकरीण

धागा छान. पण मला एक खटकतंय, बोलू का? चौघांनी आपापली बाजू सांगितली असं तुम्ही म्हणता, पण निक मॅसी २००० च्या डिसेंबरमध्ये गेला. नाटक उभं राहिलं २००४ ला. म्हणजे निकने काहीही सांगितलेलं नाही. लेखकांनी, मार्शल ब्रिकमन आणि रिक एलिसनी, बाकीच्यांशी बोलून त्याचा भाग लिहिला. संगीत बॉब गॉडिओचं, व्हॅली आणि गॉडिओ दोघं सुरुवातीपासून या प्रकल्पात. मग जो कर्जबाजारी आहे तो टॉमी, आणि जे निस्तरतात ते फ्रँकी आणि बॉब, हे असंच का दिसतं याचा विचार करायला नको का? मी ब्रॉडवेवर बघितलंय, २०१४ ला. मला आवडलं. पण टॉवेलवाली ती गोष्ट निकची की निकबद्दल इतरांना जे आठवलं त्याची, हा प्रश्न घेऊन मी बाहेर पडले.

नेरूरपार

चिपळूणकरीण ताई, हे मला माहीत नव्हतं. निक गेलेला आहे एवढं नाटकाच्या शेवटी कळतं पण कधी ते डोक्यात राहिलं नाही. दोन दिवस मी हेच घोळवत बसलोय. म्हणजे ज्याच्या बोलण्याने मी रडलो ते बोलणं त्याचं नव्हतंच.

तरी एक सांगतो. नाटक टॉमीला वाईट दाखवून सोडत नाही. शेवटी १९९० चा प्रसंग आहे, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मानाचा, चौघं कितीतरी वर्षांनी पुन्हा एकत्र उभे, आणि प्रत्येक जण पुढे येऊन आपलं शेवटचं बोलतो. फ्रँकी तिथे पहिल्या नंबराची गाणी किंवा गर्दी काढत नाही, रस्त्याच्या दिव्याखाली चौघं उभे राहून सूर जुळला ती रात्र काढतो. ते मला कुणी पढवून घेतलेलं वाटलं नाही. ती रात्र आम्हालाही होती, वालावलच्या तळ्याच्या काठावर, स्पीकर बिघडलेला म्हणून बिनमाईकचं गायलो होतो.

चिपळूणकरीण

हो, तो शेवट मलाही पटला. आणि मुलीचा भाग. फ्रँकीची मुलगी फ्रान्सीन १९८० मध्ये गेली, त्यानंतर तो एकटा उभा राहून गातो तेव्हा आमच्या आजूबाजूला कुणी कागदही वाजवला नाही. टॉमीही आता नाही, २०२० मध्ये कोरोनाने गेला.

संगमेश्वरी

आम्ही २०२३ च्या मे महिन्यात मुंबईला बीकेसीच्या नवीन सेंटरला साऊंड ऑफ म्युझिक बघितलं, रात्रभर प्रवास करून गेलो, मुलांना सुट्टी होती. तीही एका गाणाऱ्या कुटुंबाचीच गोष्ट ना, ऑस्ट्रियातल्या ट्रॅप फॅमिलीची. पण त्यातली गाणी १९५९ च्या नाटकासाठी नवीन लिहिलेली, त्या कुटुंबाची स्वतःची नाहीत. काकांचं वाचून फरक लक्षात आला. तिथे गोष्ट बघून गाणी आवडतात. इथे लोक गाणी आधीपासून घेऊनच येतात आणि गोष्ट नंतर मिळते.

फक्त एक विचारायचं होतं, मुलांना न्यावं का जर्सी बॉईजला? दहा आणि तेरा वर्षांची आहेत.

नेरूरपार

दहाच्याला नको. शिव्या पुष्कळ आहेत, पावलोपावली. तुरुंग, गुंड, घरातली भांडणं. माझ्या शेजारी मुलीच्या सासूबाई होत्या, पहिली दहा मिनिटं मी मान वर केली नाही. पण त्याशिवाय ती पोरं खरी वाटली नसती.

खाडीपलीकडे

पखवाजींनी म्हटलं तसं आपल्याकडे हे व्हायलाच हवं आणि त्यासाठी लांब जायला नको. दशावतारी कंपनी घ्या. स्वतःचा पेटारा स्वतः उचलायचा, स्वतःचं तोंड स्वतः रंगवायचं, लिहिलेली संहिता नाही, कथा ठरवायची आणि रात्री उभं राहायचं. दशावतारातले सुधीर कलिंगण गेले तेव्हा गावागावातून माणसं रडली, राजाचं काम बघत वाढलेली पिढी होती. पण त्या राजामागे पेटीवरचा बुवा, पखवाजवाला, झांजवाला, स्त्रीपार्टी म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष आणि कंपनीचा मालक आहे. प्रत्येकाला एकेक प्रहर द्या. पहिला प्रहर मालक बोलेल, नारळ कुणाचा घेतला, सुपारी किती ठरली. दुसरा पेटीवाला. तिसरा स्त्रीपार्टी, तोंडाचा रंग काढता काढता. आणि पहाटे राजा, तेव्हा त्याचा आवाज बसलेला असेल. गाणी नवीन लिहायची गरजच नाही, नाट्यपदं आहेत, लोकांना पाठ आहेत. ज्याला जिथे जे पद पडलं तिथेच ते यायला हवं, हे जर्सी बॉईजकडून घेण्यासारखं आहे.

पखवाजी

ह्या झाला तर पखवाज माझो. पैसे नको.

देवगडची पोर

स्त्रीपार्टीचा प्रहर वाचून थांबले. माझे आजोबा करायचे. आजीचं लुगडं नेसायचे आणि आजीला कधीच बघायला येऊ दिलं नाही. तिची पण बाजू कुणीतरी घ्या त्यात.

नेरूरपार

मंडळी, काल एक झालं. तुमचं सगळं वाचून मी आमच्या गायकाला फोन लावला. डोंबिवलीला असतो, मिलमधून, मग सोसायटीत वॉचमन, आता घरी. तीसेक वर्षांनी. त्याने आवाज लगेच ओळखला, म्हणाला काय रे काँगो.

तासभर बोललो. मी त्याला नाटकाचं सांगितलं आणि मग विचारलं, त्या वेळी तू दुसऱ्या पार्टीबरोबर का गेलास. तर तो म्हणतो, आई मिरजेला अॅडमिट होती, पैसे लागत होते, मी फक्त तुला सांगितलं होतं आणि तूच म्हणालास जा, मी बघतो इकडे. मला हे आठवत नाही. मी खूप आठवून बघितलं. रात्रभर झोप नाही. अॅम्पली पिंगुळीला नाही, वालावललाच जळाला असंही तो म्हणतो, आणि बिनमाईकचं गायलो ते त्याच रात्री. म्हणजे जी रात्र मी इतकी वर्षं सगळ्यात चांगली म्हणून जपली ती आणि जिच्यामुळे आम्ही मोडलो ती, त्याच्या हिशोबाने एकच. तो खोटं बोलणारा माणूस नाही. मीही नाही.

आता मदत हवी आहे. माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात आमची एक कॅसेट मिळाली, १९९१ च्या पूजेची. पट्टीच्या कडेला पांढरं पांढरं धरलंय. लावू का टेपमध्ये?

जहाजी

अजिबात लावू नका! ती बुरशी आहे, आपल्या पावसात धरतेच. तशीच लावली तर टेपच्या हेडला लागेल आणि पट्टी चिकटून तुटेल. पहिलं म्हणजे डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आठवडाभर बंद ठेवा, उन्हात नको. मग कॅसेटला पाच स्क्रू असतील तर उघडा आणि दोन्ही चकत्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवा. मधे तो छोटा नमद्याचा तुकडा असतो, तो पडलेला असेल तर आवाज दबतो, तोही नवीन खोक्यातला चालेल. पेन्सिलने हळूहळू एकदा पूर्ण पुढे, एकदा मागे फिरवा, मऊ सुती कपडा पट्टीला टेकवून, तोंडाला मास्क लावून. वाजवायच्या आधी आणि नंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरला वायर जोडून रेकॉर्डिंग चालू ठेवा, ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दुसऱ्यांदा वाजेलच याचा भरवसा नसतो.

चिपळूणकरीण

स्क्रू नसतील, चिकटवलेली असेल, तर घरी उघडू नका. फोटो टाका, मी सांगते.

नेरूरपार

बघितलं, पाच स्क्रू आहेत. डबा बंद करून कपाटात ठेवलाय. चतुर्थीक येतलो म्हणालाय तो, बेंजोवाल्यालाही निरोप गेलाय. तोवर उघडणार नाही. लावायची ती तिघं बसल्यावरच.